पोरींचा हातही खांद्यावरून फिरू द्या

पीक पाहणीला गावात गेलो की मंडळी रानातून येईपर्यंत बऱ्याचदा शाळेच्या ओट्यावर बसावे लागते. समोर मुले चेंडू खेळत असतात. कृषी विस्तार अधिकाऱ्याचे लक्ष वाढीकडे जायचेच! एक गोष्ट मला गावोगाव दिसते. सहा-सात वर्षांचा मुलगा चेंडू फेकतो तो खांद्यावरून, सगळे अंग फिरवून. त्याच वयाची मुलगी मात्र नुसता हात पुढे ढकलते आणि चेंडू चार पावलांवर पडतो. मग कोणीतरी म्हणते, "पोरीची जात, जमायचं नाही तिला."

मला हे पटत नाही. ताकदीत थोडा फरक असेलही, पण फेकण्याची रीत शिकावी लागते. मुलगा लहानपणापासून चिंचा-कैऱ्या पाडायला दगड मारतो आणि त्याचा हात बसतो. मुलीने दगड उचलला की आपण ओरडतो, "ठेव तो खाली!" पुढे तिचा हात वर जातो तो डोक्यावरची घागर नाहीतर गवताचा भारा धरायला. एका वाफ्याला पाणी दिले, दुसऱ्याला दिलेच नाही, तर बियाण्याला दोष कसा द्यायचा?

शिकवणे अवघड नाही. चेंडू मुलाच्या मुठीत मावणारा असावा. जुन्या मोज्यात चिंध्या भरून शिवला तरी चालतो. लागला तरी इजा होत नाही. मूल आपणहून ज्या हाताने फेकते तोच हात ठेवावा, डावखुऱ्यावर सक्ती नको. उजव्या हाताने फेकणाऱ्याने डावा खांदा भिंतीकडे करून आडवे उभे राहावे. चेंडूचा हात मागे न्यावा, कोपर खांद्याइतके वर. मग डावा पाय पुढे टाकायचा, कंबर फिरवायची आणि सर्वांत शेवटी हात. चेंडू सुटल्यावर हात डाव्या मांडीकडे सहज खाली येऊ द्यावा.

लहान मुले बहुधा पाय हलवत नाहीत, किंवा फेकत्या हाताच्याच बाजूचा पाय पुढे टाकतात. त्यासाठी जमिनीवर राखेने पावलाची खूण करावी आणि सांगावे, "आधी खुणेवर पाय, मग चेंडू." जोर पायातून आणि कंबरेतून येतो, हे कुदळ मारणाऱ्याला वेगळे सांगायला नको.

सुरुवातीला नेम धरायला लावू नका. नेमाच्या नादात मूल अंग आखडते. "लांब फेक, जोरात फेक," एवढेच म्हणा. अंग मोकळे झाले की लगोरी मांडा. तीन-चार वर्षांच्या पोराला सगळे एकदम जमणार नाही, त्याला वेळ द्या. रोज दहा-पंधरा वेळा फेकले तरी पुरे. खांदा किंवा कोपर दुखले की थांबावे.

"मुलीला हे शिकवून करायचं काय?" असे कोणी विचारील. उत्तर प्रदेशातील मेरठ जिल्ह्यात बहादूरपूर गाव आहे. तिथल्या शेतकऱ्याची मुलगी अन्नू राणी. तिच्या हातातला जोर भावाने क्रिकेट खेळताना ओळखला आणि शेतात ऊस फेकायला लावून तिचा सराव घेतला. तिनेच २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ६२.९२ मीटर भाला फेकून सुवर्णपदक मिळवले. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत आपल्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. त्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेची पहिली जोडी फुटली ती अमनज्योत कौरच्या थेट फेकीने.

प्रत्येक मुलगी पदक आणणार नाही, हे खरे. पण ज्या मुलीला फेकता येते तिला खेळात घेतात. जिला येत नाही ती कडेला बसून भावाच्या चपला सांभाळते. तेव्हा आज संध्याकाळी धारा काढून झाल्या की घरातल्या पोरापोरींना अंगणात बोलवा, राखेने खूण करा, आणि पहिला चेंडू पोरीच्या हातात द्या.