अर्धी टाकी

आमच्या सुमोचा एक नियम होता. डिझेलचा काटा अर्ध्याच्या खाली जाता कामा नये. खिशात पैसे नसले तर नाना उधारीवर डिझेल भरायचे, पण अर्ध्या टाकीचा नियम मोडायचे नाहीत. लहानपणी मला वाटायचं, कमी डिझेलवर इंजिन खराब होत असेल. इंजिनाचा काही संबंध नव्हता. आमच्या गल्लीत चारचाकी एकच होती, एवढाच संबंध होता.

शहागड हे हायवेवरचं, गोदाकाठचं गाव. तालुका अंबड, जिल्हा जालना. पूल ओलांडला की बीड जिल्हा. संभाजीनगर ऐंशी किलोमीटरच्या आसपास, बीड पन्नासच्या. गावात डॉक्टर आहेत, पण रात्री दीड वाजता बाळंतपण अडलं, कुणाच्या छातीत दुखायला लागलं, की पाचोड, अंबड नाहीतर गेवराई. आणि तिथून पुढं पाठवलं की थेट घाटी. १०८ला फोन लावतात, लावायलाच पाहिजे. पण फोन लावता लावता कुणीतरी आमच्या दारावर थाप मारतं. नाना बनियनवरच बाहेर येतात, किल्ली घेतात. या थापेसाठी ती अर्धी टाकी.

गेल्या वर्षी मी गाडी घ्यायला निघाले तेव्हा हे सगळं माझ्या हिशेबात नव्हतं.

मी बीडला एका कॉलेजात शिकवते. सहा वर्षं एसटी आणि काळी-पिवळीनं अप-डाऊन केलं. पर्मनंट झाल्यावर पहिला विचार गाडीचा आला. (गल्लीतल्या काकूंच्या मते पहिला विचार दुसरा यायला हवा होता, पण तो विषय वेगळा.) सुमोला पंधरा वर्षं २०२४मध्येच पूर्ण झाली होती. फिटनेस करून पाच वर्षं वाढवून घेतली, तरी रोज शंभर किलोमीटर पळवायची ती गाडी नव्हती.

मग मोबाइलवर जे तुम्ही सगळे करता तेच मी केलं. रात्री बारापर्यंत व्हिडिओ. पेट्रोल की इलेक्ट्रिक?

आकडे सांगते. महिन्याला चोवीस दिवस, रोज शंभर म्हणजे २४०० किलोमीटर. पेट्रोलला १८चं ॲव्हरेज धरलं तर १३३ लिटर. आमच्याकडच्या १०५च्या भावानं १४ हजार रुपये. इलेक्ट्रिक गाडी एका युनिटमध्ये सात किलोमीटर जाते असं धरलं तर साडेतीनशे युनिट. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा. घरच्या मीटरवर साडेतीनशे युनिट वाढले की बिल वरच्या स्लॅबमध्ये जातं. मी युनिटला चौदा रुपये धरले. तरी पाच हजारांच्या आत. गाडीसाठी वेगळं मीटर घेतलं तर दर आणखी कमी पडतो. म्हणजे महिन्याला किमान नऊ हजारांचा फरक. शिवाय पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंत ११ टक्के रोड टॅक्स आहे, इलेक्ट्रिकला माफी. टोलमाफीही आहे, पण ती अटल सेतू, मुंबई-पुणे एक्सप्रेसवे आणि समृद्धीवर. पाडळसिंगीचा टोल मला भरायचाच होता.

नानांना हे सगळं वहीत लिहून दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून वही डोळ्यांजवळ नेली, सगळं वाचलं आणि एवढंच विचारलं, "लाइट गेल्यावर काय करती?"

"नाना, रात्रभरात कधीतरी येतेच की."

"बरं," म्हणाले.

*

संभाजीनगरला गाड्या घ्यायचा एक वेगळाच इतिहास आहे. मी शाळेत असताना, ऑक्टोबर २०१०मध्ये, तिथल्या उद्योजकांनी, डॉक्टरांनी मिळून एकाच दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या होत्या, ६५ कोटींच्या. शहर तेव्हा औरंगाबाद होतं. नंतर त्याच शहरात 'मिशन फॉर ग्रीन मोबिलिटी' निघालं आणि २०२२मध्ये तिथं शंभराच्या वर इलेक्ट्रिक गाड्या अशाच एकगठ्ठा घेतल्या गेल्या. २०२४मध्ये जेएसडब्ल्यू, टोयोटा किर्लोस्कर, एथर यांनी तिथल्या औरिक वसाहतीत कारखाने काढायचं जाहीर केलं. माझा मामेभाऊ आयटीआय करून बिडकीनच्या भरतीकडं डोळे लावून बसलाय. तेव्हा इलेक्ट्रिक म्हणजे दिल्ली-बंगळूरची गोष्ट, असं आम्हाला म्हणता येत नाही. ती आमच्यापासून तास-दीड तासावर आलेली आहे.

पण शहरात गाडी घेणाऱ्याला आपण उद्या किती किलोमीटर जाणार हे माहीत असतं. घर, ऑफिस, घर. गाडी त्याच्या एकट्याची असते. हा फरक मला उशिरा कळला.

*

ऑगस्टमध्ये कॉलेजातल्या एका सरांनी त्यांची इलेक्ट्रिक गाडी दोन दिवस चालवायला दिली. बीड ते शहागड, हायवेला, एसी लावून. ऐंशीनं चालवली की बॅटरी हळूहळू उतरते, शंभरच्या पुढं गेलं की टक्के भराभर पडायला लागतात. उताराला पाय उचलला की मोटर जनरेटरसारखी चालून थोडी वीज परत भरते. आवाज नाही. उसाच्या ट्रॅक्टरमागून ओव्हरटेक करताना जी ओढ लागते, तिच्या मी प्रेमातच पडले.

घरी आले, ओट्यावरच्या सोळा अँपिअरच्या सॉकेटमध्ये चार्जर लावला, तर लाल दिवा. चार्जिंग सुरूच होईना. शेजारचा वायरमन पोरगा आला, टेस्टर लावून बघितलं आणि हसायला लागला. "ताई, तिसरं भोक नुसतं शोभेचं आहे. तुमच्या घराला अर्थिंगच नाही."

घर बांधून बावीस वर्षं झाली होती. फ्रिज, मोटर, कूलर, सगळं बिनअर्थिंगचं चाललं होतं. इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर मात्र अर्थिंग नसेल तर वीज घेत नाही, आणि ते बरोबरच आहे. दुसऱ्या दिवशी नानांनी माणूस लावून ओट्याशेजारी खड्डा घेतला. त्यात पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर दिले, वरून पाणी ओतलं. गाडी घ्यायची की नाही ते ठरलं नव्हतं, पण घराला अर्थिंग झालं. आई म्हणाली, एवढं तरी चांगलं झालं.

ऑगस्टअखेर मी लहान बॅटरीची गाडी बुक केली, तीस किलोवॅट-अवरची. किलोवॅट-अवर म्हणजे बिलावरचा युनिटच, घाबरायचं काही नाही. तीस युनिट म्हणजे दोनशे किलोमीटर. माझं काम शंभरचं. दुप्पट झालं की!

सप्टेंबरात पहिला धक्का बसला. २२ तारखेपासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकवर आधीपासूनच ५ होता. पेट्रोल गाडी अचानक स्वस्त झाली. शिवाय नानांचं पालुपद होतंच, "पेट्रोलात आता इथेनॉल असतं. म्हणजे आपल्या उसावरच चालती की." ते खरंही होतं. वीस टक्के इथेनॉल; ऊस, मका, तांदळापासून केलेलं. त्यानं ॲव्हरेज थोडं कमी होतं, हेही खरं. मी म्हणायचे, वीजही इथलीच आहे, परळीची. ते म्हणायचे, "परळी २०१५ला बंद पडली होती, पाणी नव्हतं म्हणून." यावर मी गप्प. कोळशाला पाणी लागतं, उसाला पाणी लागतं. मराठवाड्यात कुठल्याही गाडीचा हिशेब शेवटी पाण्यापाशी येतो.

*

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पाणीच पाणी झालं. जायकवाडीचे दरवाजे उघडले, गोदावरी फुगली. आमच्या गल्लीत पाणी नव्हतं, पण लाइट गेलेली, दुसरी रात्र होती.

दीडच्या सुमाराला थाप पडली. मळ्यातल्या वस्तीवरचा नऊ वर्षांचा मुलगा, साप चावलेला. पूर आला की साप कोरड्या जागी, घरात येतात. नानांनी किल्ली घेतली, दारापर्यंत गेले आणि थांबले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पावसात, समोरच्या लाइटमध्ये त्यांना रस्ता दिसत नाही, हे वर्षभर आम्हा दोघांनाही माहीत होतं, कुणी बोललं नव्हतं. त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली.

पलीकडचं गेवराई जवळ, पण त्या रात्री पुलाकडं जायला कुणी तयार नव्हतं. पाचोड गाठलं. तिथं इंजेक्शन सुरू केलं आणि पुढं घाटीला न्या म्हणाले. मागच्या सीटवर मुलाची आई त्याच्याशी सारखी बोलत होती, झोपू नको रे, झोपू नको. नाना माझ्या शेजारी. काटा अर्ध्यावर. मी एकदाही त्याच्याकडं बघितलं नाही, कारण बघायची गरज नव्हती. आयुष्यभर मी तो काटा अर्ध्यावर बघितलेला आहे.

मुलगा वाचला. सहाव्या दिवशी घरी आला.

आम्ही सकाळी परतलो. गावाच्या अलीकडं नाना म्हणाले, "पंपाला घे." रात्रभर जागे, अंगावर ओले कपडे, आणि आधी डिझेल. काटा अर्ध्याच्या वर गेला तेव्हाच घराकडं वळलो.

*

त्या दिवशी मी झोपले नाही. वही काढली.

बुक केलेली गाडी दारात असती, तर? संध्याकाळी बीडहून शंभर किलोमीटर चालून आलेली, लाइट नाही, म्हणजे उरले शंभर. घाटी ऐंशीवर. पाऊस, वायपर, एसी, दिवे, घाईतला वेग. पोचलो असतो, कदाचित. त्या 'कदाचित'वर मला त्या मुलाच्या आईला गाडीत बसवता आलं नसतं.

तेव्हा पहिल्यांदा कळलं की गाडी माझ्या नावावर आली की थापही माझ्या नावावर येणार. ती रात्र अपवाद नव्हती. नानांच्या हातातली किल्ली आता परत जाणार नव्हती. वहीतलं 'रोज शंभर किलोमीटर' बरोबर होतं, पण अपुरं होतं. आमच्या गाडीचं खरं काम महिन्यातून एखाद्याच रात्री निघतं.

पेट्रोल घ्यायचं जवळजवळ ठरलं. महिन्याला नऊ हजार जास्त, गल्लीसाठी. नानांनाच बरं वाटेल म्हणून सांगितलं, तर तेच म्हणाले, "थांब. जायचं किती असतं?"

"ऐंशी."

"आणि यायचं?"

"ऐंशी. एकशेसाठ."

"यायची काय घाई असती? पेशंट आत गेला की गाडी दिवसभर उभी राहिली तरी चालती. तिथं चार्जिंग हाये ना?"

संभाजीनगरला आहे. हायवेवरही आहे, हॉटेलांपाशी. महाग पडतं, घरच्यापेक्षा युनिटला बरेच जास्त, आणि एकदा मी गेले तेव्हा तिथलं मशीन बंद होतं, म्हणून त्याच्यावर विसंबून निघायचं नाही. पण नानांचा मुद्दा बरोबर होता. जाणंच महत्त्वाचं. म्हणजे कुठल्याही क्षणी गाडीत दीडशे किलोमीटर असले पाहिजेत. दीडशे म्हणजे अर्धी टाकी, तर पूर्ण टाकी तीनशेची हवी. पंचेचाळीस युनिटची बॅटरी.

माझा प्रश्न पेट्रोल की इलेक्ट्रिक हा होता. नानांनी तो 'अर्ध्यात किती मावतं' असा केला.

मोठ्या बॅटरीला दीड लाख जास्त होते. ते माझ्याकडं नव्हते. सुमोला गिऱ्हाईक होतं. नाना दोन दिवस काही बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी त्यांनीच फोन लावला. सुमो विकून आम्ही पंधरा युनिट घेतले, असं म्हणायला हरकत नाही.

एक वाद ते जिंकले आणि मी मान्य करते. सुमो गेली त्या संध्याकाळी म्हणाले, "डिझेल डब्यात आणता येतं. लाइट डब्यात आणता येती का?" नाही येत. छतावर सोलर बसवू म्हटलं तर नेहमीचं सोलरही लाइट गेली की बंद होतं, लाइनवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून. लागोपाठ दोन-तीन दिवस लाइट नसेल, तर मी कॉलेजला एसटीनं जाते आणि गाडी दारात ठेवते. गाडी असून एसटीनं जाणं विचित्र वाटतं, पण आमचा नियम तसाच आहे.

तुम्ही गावात राहत असाल आणि याच पेचात असाल, तर व्हिडिओवाल्यांचं रोजच्या किलोमीटरचं गणित करा, पण ते शेवटचं धरू नका. तुमच्या गल्लीत अजून किती गाड्या आहेत ते आधी मोजा. दहा असतील तर लहान बॅटरी बिनधास्त घ्या. एकच असेल, तर ती तुमच्या एकट्याची नाही. आणि घराला अर्थिंग आहे का ते बघा.

गाडी डिसेंबरात आली. बीडहून परतते तेव्हा साठ-पासष्ट टक्के असतात. चार्जर लावला की पहाटेपर्यंत भरते. शेजारच्या काकूंची सून दिवस भरत आलेली आहे. रोज संध्याकाळी मी गाडी लावत असताना काकू ओट्यावरून ओरडून विचारतात, "किती टक्के गं?"

मी सांगते. मग त्या आत जातात.