सरकारी तिकिटावर देवदर्शन

भिलाईच्या आमच्या सेक्टरमध्ये पहाटे देवळातली आरती आणि गुरुद्वाऱ्यातला पाठ एकदमच कानावर येतो. पोलाद कारखान्यासाठी देशभरातून माणसं आली, ती आपापले देव घेऊनच. पण देवांवरून आम्हा शेजारणींत कधी तंटा झाला नाही. तो झाला आमच्याच घरात, आणि तोही रेल्वेच्या तिकिटावरून.

छत्तीसगड सरकारने २०२४ साली रामलला दर्शन योजना सुरू केली. अयोध्येला जाणं-येणं, राहणं, जेवण, शिवाय काशीदर्शन, सगळा खर्च सरकारचा. सासूबाईंच्या भजनी मंडळातल्या दोघी दुर्ग स्टेशनवरून जाऊन आल्या. झालं! सासूबाईंनी मुलामागे धोशा लावला, ''माझाही फॉर्म भर.''

मी म्हटलं, ''आई, आपण आपल्या पैशाने जाऊ.''

''का गं? सरकार देतंय तर तुझ्या पोटात का दुखतं? हजला जाणाऱ्यांना नव्हतं का देत?''

देत होतं, हे खरंच. विमानभाड्यात सवलत होती. घटनेचं २७वं कलम म्हणतं की, एखाद्या विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठीचा कर भरण्याची सक्ती कुणावर करता येणार नाही. त्याच आधारावर हज अनुदानाला आव्हान दिलं गेलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली ते फेटाळलं. कराचा अगदी लहानसा भाग तसा खर्च झाला तर कलमाचा भंग होत नाही, असं न्यायालयाचं मत पडलं. मात्र पुढच्याच वर्षी न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांनी हे अनुदान दहा वर्षांत बंद करा, असं सांगितलं. ऐपत असेल त्यानेच हज करावी, या कुराणातल्या वचनाचा आधार त्यांनी घेतला. ते पैसे त्या समाजाच्या शिक्षणावर खर्चावेत, असंही सुचवलं. २०१८ साली अनुदान बंद झालं.

हे सगळं सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, ''म्हणजे त्यांचं बंद झालं म्हणून आमचंही बंद?''

मग मी सोमनाथ काढला. १९४७ च्या नोव्हेंबरात सरदार पटेल आणि आपले काकासाहेब गाडगीळ जुनागढला गेले, तेव्हा मंदिर पुन्हा उभारायचं ठरलं. गांधीजींचा त्याला विरोध नव्हता. पण पैसा लोकांनी द्यावा, सरकारी तिजोरीतला नको, असं त्यांनी सांगितलं. त्याप्रमाणे ट्रस्ट झाला, देणग्या जमल्या. मे १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद प्रतिष्ठापनेला गेले. नेहरूंना ते रुचलं नव्हतं. हा सरकारी कार्यक्रम नाही, असं त्यांनी मुख्यमंत्र्यांना मुद्दाम कळवलं. हेच राजेंद्रबाबू ४ फेब्रुवारी १९५९ रोजी आमच्या भिलाईतल्या पहिल्या ब्लास्ट फर्नेसच्या उद्घाटनाला आले. भट्टी मात्र सरकारी पैशातूनच झाली, आणि ते योग्यच होतं. तिच्यातलं लोखंड वापरणाऱ्याला त्याचा धर्म कुणी विचारत नाही.

यात एका पक्षाला दोष देण्यात अर्थ नाही. आधीच्या काँग्रेस सरकारने चंदखुरीचं कौसल्या मंदिर नटवलंच होतं. एकाने मंदिर सजवलं की दुसऱ्याला गाडी सोडावीच लागते.

घरात हा वाद चालू असतानाच २०२५ चा जुलै उजाडला. २५ तारखेला त्याच दुर्ग स्टेशनवर केरळच्या दोन नन्सना आणि एका आदिवासी तरुणाला अटक झाली. बजरंग दलाच्या कार्यकर्त्याची तक्रार होती. आरोप मानवी तस्करीचा आणि धर्मांतराचा. बरोबरच्या तीन मुली नोकरीसाठी आग्र्याला निघाल्या होत्या, असं नन्सच्या बाजूने सांगण्यात आलं. २ ऑगस्टला बिलासपूरच्या न्यायालयाने जामीन दिला. आरोपांचा निवाडा हे न्यायालयाचं काम, त्यात मी पडत नाही. पण जबरदस्तीच्या वा आमिषाच्या धर्मांतराविरुद्धचा १९६८ चा जुना मध्य प्रदेशी कायदा फलाटावर कसा पोहोचतो, ते त्या दिवशी दिसलं.

आमच्या शेजारच्या मल्याळी आंटींची धाकटी बहीण नन आहे आणि नर्सही. सासूबाईंचा खुबा मोडला होता, तेव्हा सुट्टीवर आलेल्या त्या मुलीने आठ दिवस त्यांचं सगळं केलं होतं. ती ऑगस्टमध्ये यायची होती. आंटींनी फोन करून तिला सांगितलं, येऊ नकोस. आलीस तर साध्या साडीत ये. ती म्हणाली, मग मी येतच नाही.

सासूबाईंना कळलं तेव्हा त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग काठी घेऊन आंटींकडे गेल्या आणि आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाल्या, ''उसको बोलो, आने का. मैं जाऊंगी स्टेशन पर उसको लेने.''

ती आली, तिच्या नेहमीच्या वेषात. सासूबाई खरंच रिक्षाने दुर्गला गेल्या आणि अर्धा तास आधी जाऊन फलाटावरच्या बाकावर बसल्या.

डिसेंबरात आम्ही अयोध्येला गेलो. दुर्गहून सारनाथ एक्स्प्रेसने काशी, पुढे बस, तिकिटं आमची. दर्शन छान झालं. मात्र फुकटच्या गाडीबद्दल सासूबाईंचं मत काही बदललेलं नाही. परतताना डब्यातली गार पुरी तोंडात घालत त्या म्हणाल्या, ''सरकारी गाडीत म्हणे गरम जेवण मिळतं.''