आईचा हात धरून



महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी आम्ही कुठे गायब होतो, असं मंडळीतल्या बऱ्याच जणांनी विचारलं. भगिनी मंडळाची सभा त्याच दिवशी असते, त्यामुळे थोडी नाराजीही कानावर आली. तिचं उत्तर द्यायचं म्हणून हे लिहायला बसलो आणि लिहिता लिहिता ती साक्षच झाली.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. बालाघाटचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना गच्चीवरच्या रात्री वेगळ्या सांगायला नकोत. वीज गेली होती, सतरंज्या टाकून सगळे आडवे झालो होतो. अब्राहामाला देवाने तारे मोजायला सांगितलं ती गोष्ट धाकटीला सांगत होतो, आणि तिने खरंच मोजायला सुरुवात केली. तेवढ्यात आई म्हणाली, "आभाळ आलं का गा?"

आभाळ स्वच्छ होतं. एक ढग नव्हता.

आम्ही हसलो. "आई, मोतीबिंदू आलाय तुला, पिकला की काढू," असं म्हणून विषय संपवला. ही आमची चूक, आणि ती आम्ही इथे कबूल करतो. शाळा सुरू झाल्या, पाऊस आला, धानाची रोवणी झाली, दिवाळी गेली. मध्ये आई दोनदा उंबऱ्याला अडखळली, एकदा बाजूला ठेवलेला पाण्याचा गुंड तिच्या पायाने लवंडला. शेवटी डॉक्टरांकडे नेलं तेव्हा कळलं की मोतीबिंदू नव्हताच, काचबिंदू होता. आपल्याकडे त्याला काळा मोतिया म्हणतात. मोतीबिंदूत गेलेली नजर ऑपरेशनने परत मिळते, काचबिंदूत गेलेली मिळत नाही. डोळ्यातला दाब वाढून मागची नस सुकत जाते, दुखत नाही, खुपत नाही, आणि नजर कडेने कमी होत होत शेवटी एका नळीतून पाहिल्यासारखं उरतं. एक डोळा जवळजवळ गेला होता. दुसऱ्यात मधलं तेवढं शिल्लक होतं. सकाळ-संध्याकाळ थेंब घालायचे, ते आयुष्यभर, आणि जे आहे ते टिकवायचं. (हा आजार घराण्यात चालतो. चाळिशी ओलांडलेल्यांनी, घरात कुणाला असेल त्यांनी तर नक्कीच, डोळ्यांचा दाब तपासून घ्या. चष्म्याचा नंबर काढून घेणं म्हणजे तपासणी नव्हे.)

मंडळीने प्रार्थना केली. उपास केले. त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. नजर परत आली नाही, हेही लिहायला हवं. एका बंधूंनी प्रेमानेच विचारलं की घरात विश्वास कमी पडतोय का. त्या रात्री आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. विश्वास कमी पडला की आमची सहा महिन्यांची दिरंगाई जास्त झाली, हे आम्हाला ठाऊक होतं.

आई मात्र आठ दिवस गप्प राहिली आणि नवव्या दिवशी चहा घेताना म्हणाली, "मले दिसते तवरी दाखवून घ्या. मग सांगू नका का राहून गेलं."

तिथून दुसरा शनिवार सुरू झाला.

तिच्या आवडीचा उतारा मार्काच्या आठव्या अध्यायातला आहे, बेथसैदाच्या आंधळ्याचा. त्याला आधी माणसं चालणाऱ्या झाडांसारखी दिसली, मग नीट दिसलं. आई गमतीने म्हणते, आपलं उलटं आहे, आधी नीट दिसत होतं. पण तो उतारा कौटुंबिक प्रार्थनेत वाचत असताना आमचं लक्ष दुसरीकडेच गेलं. प्रभूने त्याला बरं करण्याआधी त्याचा हात धरला आणि त्याला गावाबाहेर नेलं. इतक्या वर्षांत हे वाक्य आम्ही कितीदा वाचलं असेल! बरं करणं आपल्या हातात नाही. हात धरून गावाबाहेर नेणं आहे.

पहिली सहल मोहाची. मार्च संपत आला की बैहरच्या रस्त्याला जंगलात मोह फुलतो. फुलं रात्री उमलतात आणि पहाटे टपटप खाली पडतात, म्हणून वेचायला अंधारातच निघावं लागतं. घरातून साडेचारला निघालो. मोठा मुलगा तेव्हा चौदाचा, मोबाईल खिशात आणि तोंड वाकडं. ओळखीच्या गोंड कुटुंबाच्या झाडाखाली त्यांच्या परवानगीने बसलो, कारण जंगलातला मोह बेवारशी वाटला तरी कोणतं झाड कोणत्या घराचं हे गावात ठरलेलं असतं. झाडाखालचा पाचोळा त्यांनी झाडून घेतला होता. बरेच जण तो पेटवून देतात, तीच आग पुढे जंगलात पसरते.

आईला फुलं दिसत नव्हती. उजेड कमी, आणि तिला कमी उजेडात जवळजवळ काहीच दिसत नाही. पण पडलेलं फूल तिला ऐकू येत होतं. "इथं पडलं," म्हणायची आणि हात बरोबर तिथे जायचा. धाकटी तिच्याशी स्पर्धा करून हरली. निर्गम सोळामधला मान्ना असाच पहाटे वेचायचा होता, ऊन तापलं की वितळायचा, हे आईनेच आठवलं. फरक एवढाच की मान्ना दुसऱ्या दिवसासाठी ठेवता येत नव्हता आणि मोह वाळवला की वर्षभर टिकतो. आम्हाला ओंजळभर मिळाला, त्याची भाजून तिळासोबत लाडवासारखी चीज केली. मोह म्हटलं की आपल्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांच्या भुवया वर जातात, म्हणून मुद्दाम सांगतो, लाडूच केले.

एप्रिल-मेमध्ये लांब कुठे गेलो नाही. सकाळी लवकर वैनगंगेच्या घाटावर, एवढंच. ही नदी शिवनी जिल्ह्यात मुंडाऱ्याजवळ उगम पावते, आपल्या शहराला वळसा घालून भंडारा, गडचिरोलीकडे जाते, वर्धेला भेटून प्राणहिता होते आणि मग गोदावरीत. मुलांनी कागदाची नाव सोडली आणि ती समुद्राला कधी पोहोचेल याचा हिशोब करत बसली. पावसाळ्यात गांगुलपाऱ्याला गेलो, धबधबा दुरूनच पाहिला. शेवाळलेल्या दगडावर दरवर्षी कुणीतरी घसरतं, आणि आई बरोबर असल्यामुळे आमच्या मुलांना दुरून पाहायची सवय आपोआप लागली. कान्ह्याला मुक्की फाटकातून एकदाच गेलो, कारण जिप्सीचं भाडं चार-पाच माणसांच्या घराला दरवेळी झेपत नाही. वाघ दिसला नाही. बारशिंगे दिसले. 1970 मध्ये ते तिथे फक्त 66 उरले होते, हे गाईडने सांगितलं तेव्हा मुलाने खिशातून मोबाईल काढला, आणि आम्ही रागावणार तेवढ्यात कळलं की तो आजीला दाखवायला फोटो मोठा करतोय. स्क्रीन तिच्या नजरेच्या त्या मधल्या खिडकीत बरोबर बसते. उघड्या माळावर तिला न सापडलेला बारशिंगा तिने तिथे शिंगांसकट पाहिला. मोबाईलबद्दल आम्ही घरात जे बोलत आलो होतो त्यातलं निम्मं त्या दिवशी मागे घेतलं.

पण सगळ्यात जास्त सांगायचंय ते सारसांबद्दल.

बालाघाट आणि गोंदिया जिल्ह्यांत वैनगंगेच्या दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्यांत सारस उरले आहेत, थोडेच. दरवर्षी जूनमध्ये दोन्हीकडे त्यांची गणना होते. माणसाएवढा उंच पक्षी, राखाडी अंग, लाल डोकं. जोडी जुळली की सहसा सुटत नाही. पावसाळ्यात पाणी भरलेल्या बांधीत गवत-काड्यांचा ढीग करून घरटं करतात, बहुधा दोन अंडी, आणि नर-मादी दोघंही आळीपाळीने महिनाभर बसतात. आमच्या ओळखीच्या एका शेतकरीभाऊंच्या बांधीत घरटं होतं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. घरट्याभोवतीचा तुकडा त्यांनी निंदणीला सोडून दिला होता. नुकसान किती, असं विचारलं तर म्हणाले, "दोन कुडव जाईल, जाऊ द्या." अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात पक्ष्याच्या घरट्यासाठी नियम आहे, पिलांवर बसलेल्या आईला हात लावू नये असा. भाऊंनी तो कधी वाचलेला नाही.

त्या वाटेवर गोंदियाची रेल्वे आडवी आली, फाटक बंद होतं. तेव्हा मुलांना रेव्हरंड ना. वा. टिळकांची गोष्ट सांगितली. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. त्या प्रवासात गोंदिया लागतंच. पुढे 1895 मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. "म्हणजे त्यांनी खिडकीतून सारस पाहिले असतील?" धाकटीने विचारलं. पाहिले असतील. तेव्हा खूप होते.

बांधावर पोहोचलो, लांबच उभे राहिलो. आम्हा चौघांनाही काही दिसत नव्हतं, सगळीकडे हिरवं. आईने मान एका बाजूला वळवली. "तिकडं. दोघं हायेत." पाठोपाठ आम्हालाही ऐकू आलं, एकाने हाक सुरू केली आणि दुसऱ्याने ती त्याच श्वासात उचलली. मग मुलगा तिच्या मागे उभा राहिला, तिचे खांदे धरून तिला हळूहळू फिरवलं. "आजी, बाभूळ दिसली? तिच्या बुंध्यापासून डावीकडे. आणखी थोडं. आता थांब." ती थांबली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "लाल हाय डोकं."

मुलाचा आवाज बदलला होता. घरच्या प्रार्थनेला बोलावलं की जो दार लावून घेतो, त्याने परतताना गाडीत विचारलं की आपण आजीच्या डोळ्यांसाठी अजून मागायचं की आता मागणं थांबवायचं. आमच्याकडे तयार उत्तर नव्हतं. आई मागच्या सीटवरून म्हणाली, "माग की. मी बी मागतो. अन् थेंब बी घाल."

गेल्या महिन्यात पुन्हा गेलो. चिन्नोर कापणीला आला होता, त्याचा वास बांधावर उतरला होता. भाऊंच्या घरच्यांनी एक लोंबी आईच्या हातात दिली. तिने ती चोळून नाकाशी नेली, चिन्नोरच म्हणाली. दुसरा डोळाही आता थोडा कमी झालाय, हे आम्हाला तिने ज्या पद्धतीने हात पुढे केला त्यावरून कळलं. बांधीच्या पलीकडे सारसांची जोडी चालत होती, मध्ये तपकिरी डोक्याचं एक पिल्लू. मुलाने तिला फिरवून समोर उभं केलं. या वेळी जास्त वेळ लागला.

सहा वाजत आले तेव्हा तो म्हणाला, "आजी, थेंबांची वेळ झाली." ती बांधावरच बसली, तोंड वर केलं, आणि त्याने बाटली उघडली.