निर्मलचे पाणी आणि खाडीचे मासे

माझ्या एका वाक्याने भाच्याचे अकरा मासे मेले. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आले म्हणून त्याने फोन केला आणि मी घाईत म्हणालो, "थोडं मीठ टाक." किती ते सांगितले नाही. पोराने मुठीने टाकले. नंतर महिनाभर तो फोनवर आला नाही. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मुद्दाम निर्मलला गेलो.

निजामाबादहून निघालेली बस सोनच्या पुलावरून गोदावरी ओलांडते आणि थोड्याच वेळात गाव येते. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात असलेले निर्मल २०१६ पासून स्वतःच जिल्ह्याचे ठिकाण आहे. आपल्याकडे ते ओळखले जाते लाकडी खेळण्यांसाठी.

भाच्याने मला दारातच गाठले. "मामा, आमच्या बोअरचं पाणी खारटच आहे. मग खाडीतलेच मासे आणू, झाडांसकट!"

इथे लोक बोअरच्या पाण्याला सरसकट 'उप्पु नीळ्ळु' म्हणतात. खाडीच्या पाण्याला मात्र आपण मचूळ म्हणतो. आमच्या सौभाग्यवती धारवाडच्या, त्या म्हणतील सवळु नीरु. दोन्ही एकच का? मी सोबत नेलेला काचेचा घनतामापक बादलीत सोडला. आकडा गोड्या पाण्याचाच. साबणाला फेस नाही, गीझरवर पांढरी पुटे, म्हणजे पाणी जड आहे, त्यात समुद्राचे मीठ नाही. मी भूगोल शिकवतो, त्यामुळे नकाशा काढल्याशिवाय राहवले नाही. सोनच्या पुलाखालची हीच गोदावरी पुढे समुद्राला मिळते आणि काकीनाड्याजवळ कोरिंगाच्या खारफुटीत तिचे पाणी खरोखर मचूळ होते. भाचा म्हणाला, "मग आपण इथेच कोरिंगा करू."

माशांची यादी त्याने आधीच केली होती. केरळने २०१० मध्ये राज्यमासा ठरवलेला करीमीन, म्हणजे गोव्याचे काळुंदर, पहिल्या क्रमांकावर. पण तो वीतभर तर सहज वाढतो आणि कोवळी पाने खातो. ठिपकेवाला स्कॅट त्याहून खादाड. निवटीला तर बसायला चिखल हवा. अशी एकेक नावे खोडताना त्याचे तोंड उतरले. मग मी उलटीकडून सुरुवात केली. झाडे हवीत, तर आधी झाडांना विचार. जावा फर्न आणि व्हॅलिस्नेरिया थोडे मीठ सोसतात, जास्त नाही. म्हणून लिटरला पाच ग्रॅम. समुद्रात ते पस्तीसच्या आसपास असते. एवढ्या पाण्यात राहणारा, बोटाएवढाच होणारा आणि आपल्याच किनाऱ्यावरचा मासा म्हणजे ऑरेंज क्रोमाइड. नर-मादी दोघे मिळून पिल्ले राखतात. सोबतीला मॉली. त्यांना जड पाणी उलट मानवतेच.

शंभर लिटरच्या टाकीला अर्धा किलो समुद्री मीठ लागले. ते मत्स्यालयाच्या दुकानातलेच हवे. स्वयंपाकाच्या मिठात मॅग्नेशियम, कॅल्शियम हवे तसे नसते. भाच्याने खेळणी करणाऱ्यांकडून पोनिकी लाकडाचा तुकडा आणून त्यावर फर्न बांधली. खेळण्याला हलके लाकूड उत्तम, पण पाण्यात ते फर्नसकट वर आले आणि तरंगत राहिले. आक्का खूप हसली. शेवटी दगडाला बांधली.

मासे लगेच सोडायचे नाहीत, हे त्याला फार जड गेले. गाळणीत जिवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. मी निघालो तेव्हा टाकीत नुसती झाडे होती.

जानेवारीत सहा क्रोमाइड आणि चार मॉली आल्या. आटलेल्या पाण्याऐवजी तो गोडेच पाणी घालतो, कारण मीठ उडून जात नाही. दर आठवड्याला वीस लिटर पाणी बदलताना शंभर ग्रॅम मीठ तोलून बादलीत विरघळवतो. तराजू आक्काच्या स्वयंपाकघरातला आहे, आणि तो परत मिळत नाही अशी तिची माझ्याकडे तक्रार आहे.