दोरी अंगाला बांधायचीच

नेरूळ, नवी मुंबई

ती. दादास,


नव्या फायबर होडीला ओबीएम, म्हणजे मागे लावायचं आउटबोर्ड मशीन, बसवतोयस, तर किल स्विच कसला घेऊ, की नसला तरी चालेल, असं विचारलंस. घ्यायलाच हवा, आणि तो दोरीचाच हवा: दोरीचं एक टोक सुकाणूजवळच्या स्विचच्या चिमट्याला, दुसरं चालवणाऱ्याच्या अंगाला; तो बाहेर पडला की चिमटा ओढला जाऊन मशीन बंद. दुकानात मोठं लाल बटणही दाखवतील. ते दाबायला माणूस होडीत आणि शुद्धीवर असावा लागतो, आणि ज्या घटकेसाठी आपण ही खटपट करतोय त्या घटकेला तो होडीत नसतोच. आमच्या सारसोळेच्या बाजूची खाडी तुला ठाऊक आहे. ओहोटीला चिखल वर येतो, भरतीला लाकडं आणि प्लास्टिक वाहत येतं. मशीनचं खालचं टोक कशाला आपटलं की वेगातली होडी हिसका खाते आणि चालवणारा बाहेर फेकला जातो. वीस नॉटने जाणारी होडी सेकंदाला दहा मीटर कापते, म्हणजे दहा मोजेपर्यंत ती शंभर मीटर लांब. तेवढ्यावर भागलं असतं तर लाइफ जॅकेटवर तरंगत कुणाची तरी वाट पाहता आली असती. पण सुकाणू सुटलं की पंख्याच्या ओढीने मशीन एका अंगाला वळतं आणि होडी घिरट्या घालत पडलेल्या माणसावरच परत येऊ शकते. इंजिन मिनिटाला पाच हजार फेरे घेतंय आणि गिअरमध्ये ते निम्मे होतायत असं धर. तीन पात्यांचा पंखा सेकंदाला सव्वाशे घाव घालतो. ‘लाइफ जॅकेट आहे ना’ या म्हणण्याला म्हणूनच अर्थ नाही. जॅकेट बुडू देत नाही, पंख्यापासून वाचवत नाही.

स्विच बसवला म्हणजे झालं, असंही नाही. मे 2013 मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर, पॅडस्टोजवळच्या खाडीत, सहा जणांचं अख्खं कुटुंब स्पीडबोटीतून पाण्यात फेकलं गेलं. रिकामी बोट वेगात गोल फिरत त्यांच्यावर आली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी गेली. त्या बोटीवर दोरीचा स्विच होता. दोरी कुणाच्या अंगाला नव्हती. अमेरिकेनेही आधी बोट बांधणाऱ्यांवर स्विच बसवण्याची सक्ती केली आणि मग 1 एप्रिल 2021 पासून 26 फुटांहून लहान बोटी वेगात चालवताना दोरी लावणंही कायद्याने बंधनकारक केलं. मला हा क्रम फार बोलका वाटतो.

तुझ्या करंजाच्याच पाण्यातलं 18 डिसेंबर 2024 आठव. इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची स्पीडबोट घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळली आणि 15 जीव गेले. इंजिनात बिघाड होऊन ताबा सुटला, असं नौदलाने सांगितलं. ती घटना माणूस पाण्यात पडल्याची नाही, तेव्हा ती किल स्विचचा पुरावा म्हणून मी पुढे करणार नाही. पण वेगातलं इंजिन ऐकेनासं झालं तर काय होतं, ते तिथे सगळ्यांनी पाहिलं. थ्रॉटल अडकला तर इंजिन तोडायची वाट थ्रॉटलपासून वेगळी असावी लागते, आणि दोरी हाताने ओढूनही तेच काम होतं.

आता तुझे आक्षेप. जाळं ओढताना दोरी पायात येते, हे खरं. पण तेव्हा होडी थांबलेली असते किंवा अगदी हळू. तेव्हा काढ, वेग धरण्याआधी परत लाव. उधाणात मध्येच चुकून ओढली गेली तर होडी खडकावर जाईल, ही भीती मला जास्त वजनदार वाटते. त्यावर इलाज बसवण्यातच आहे. स्विच हाताच्या टप्प्यात पण थ्रॉटल धरलेल्या हाताच्या कोपरापासून दूर ठेव, दोरी गुंडाळीची घे, जागेवर वळता-वाकता येईल इतकी लांब आणि बसायची जागा सुटली की ओढली जाईल इतकी आखूड. मनगटाला नको, सटकते. मांडीला किंवा जॅकेटच्या पक्क्या पट्ट्याला. चिमटा परत बसवला की मशीन लगेच चालू करता येतं. बिनतारी स्विचही मिळतात आणि ते खलाशालाही अंगावर घालता येतात, पण त्यांना बॅटरी लागते आणि किंमतही जास्त; ते नंतर बघू.

निवडताना मात्र एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा. बहुतेक पेट्रोल ओबीएम स्विचची तार अर्थला टेकली की बंद पडतात. काही इंजिनं उलट, तार तुटली की बंद पडतात. चुकीच्या जातीचा स्विच आणलास तर एक तर मशीन चालूच होणार नाही, नाहीतर दोरी ओढूनही बंद होणार नाही. मशीनचा मॉडेल नंबर घेऊनच दुकानात जा. पहिल्या जातीत खारं पाणी लागून तार आतून तुटली तर मशीन मजेत चालत राहतं, आणि स्विच मेलाय हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. म्हणून पिळून टेप गुंडाळलेला जोड नको. कलई केलेली तांब्याची तार, दाबून बसवलेलं टर्मिनल आणि वर आकसणारी नळी. शेजारच्या डिझेल ट्रॉलरवाल्याला सल्ला देशील तर सांग, त्याच्या जुन्या डिझेल इंजिनाला नुसता स्विच पुरणार नाही. डिझेल तोडणारा सोलेनॉइड लागेल.

आपल्याकडे कुणी विचारत नाही, दंड करत नाही, हे तू म्हणतोस. पंख्याला ते कळत नाही. धक्क्यावरून निघताना मशीन चालू कर, दोरी ओढ, ते बंद पडलेलं पाहा आणि मगच सोड. आणि चिमटे दोन घे. तू पाण्यात पडलास तर पहिला तुझ्या अंगावर असेल. तुला घ्यायला होडी वळवण्यासाठी खलाशाच्या हाताशी दुसरा हवा.



तुझा धाकटा भाऊ