तीन खण

घर केवढं आहे असं कुणी विचारलं की आई सांगायची, "तीन खण." चौरस फूट हा शब्द तिच्या तोंडी कधी आला नाही.

कसबा पेठेतला आमचा वाडा दगडी जोत्यावर उभा होता. वरचा सगळा भार सागवानी खांबांवर. खांबाखाली दगडी तळखडा, खांबावर तुळई, तुळईवर कडीपाट. एका खांबापासून पुढच्या खांबापर्यंतची जागा म्हणजे एक खण. आमच्याकडे तो पाच फुटांचा होता आणि खोलीची रुंदी आठ फूट. शाळेत क्षेत्रफळ शिकले त्या दिवशी घरी येऊन मी पट्टीनं मोजलं आणि आईला सांगितलं, आपलं घर एकशेवीस चौरस फूट आहे. ती म्हणाली, "असेल. पण खण तीनच."

पहिल्या खणात वडिलांची लोखंडी खाट. ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, आणि दुसरी पाळी असली की रात्री उशिरा येत. मधला खण दिवसा बसायचा, रात्री आम्हा भावंडांच्या अंथरुणांचा. तिसऱ्यात स्टोव्ह, फडताळ, कोपऱ्यात मोरी आणि तिथे तांबट आळीतून घेतलेलं घंगाळ. खांबाला दोरी बांधून जुनं लुगडं सोडलं की खणाची खोली व्हायची. माझी दहावी मधल्या खणात झाली, ताईचं पहिलं बाळंतपण तिसऱ्या खणात.

मोजण्यात येत होतं ते एवढंच. ओसरी, चौक, चौकातला आड, जिना आणि दिंडी दरवाजा कुणाच्याच खणांत धरलेले नव्हते. तरी ओसरी रोज झाडलेली असायची. आमच्या नऊ बिऱ्हाडांत वार ठरलेले होते, आमचा गुरुवार. दिंडीचा नियम त्याहून साधा होता. रात्री जो शेवटी येईल त्यानं आतून अडणा लावायचा. बहुतेक रात्री तो मान वडिलांचा असे. झोपेत मला आधी त्यांच्या सायकलीचा आवाज यायचा, मग अडणा दगडी खोबणीत बसल्याचा, आणि मगच आई कूस वळायची.

आई लग्न होऊन या वाड्यात आली १९६० साली. पुढच्याच वर्षी, १२ जुलैला, पानशेत फुटलं. आमचा वाडा जरा चढावर. पाणी दिंडीच्या पायरीपर्यंत येऊन थांबलं. नदीकाठची माणसं भिजल्या अंगानं आत आली आणि पंधरा दिवस ओसरीवर राहिली. मालकांनी कुणाला नाव विचारलं नाही. आई तेव्हा वीस वर्षांची. ती सांगते की त्या पंधरवड्यात दिंडीला अडणा एकदाही लागला नाही.

वाड्याबद्दल लिहिताना गळा काढायची रीत पडली आहे, आणि मला ती पटत नाही. पहाटे पाच वाजता नळावर रांग लावणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. सामायिक संडासासाठी पावसात छत्री धरून उभी राहिले आहे. आणि मालकांची बाजूही पाहिली आहे. आम्ही महिन्याला अठरा रुपये भाडं देत होतो. १९४७च्या भाडे कायद्यानं भाडी गोठली होती. एकदा मालकांनी वडिलांपुढे वही उघडली. नऊ बिऱ्हाडांचं मिळून वर्षाचं भाडं दोन हजारही भरत नव्हतं, आणि त्या पावसाळ्याआधी कौलं चाळून चार वासे बदलायला त्याहून जास्त गेले होते. वडील काही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी ते आणि शेजारचे दोघे स्वतः कौलांवर चढले. १९९९च्या कायद्यानं भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ मान्य केली. अठरा रुपयांचे चार टक्के म्हणजे बहात्तर पैसे. एवढ्यात कुणाचा वाडा उभा राहणार होता? आमचे मालक वाईट नव्हते आणि आम्हीही नव्हतो. तरीही वाडा दर पावसाळ्यात थोडा थोडा खचत गेला.

१९९१ साली लग्न होऊन मी सिंहगड रस्त्याला गेले. पुढच्या वर्षी आम्ही कर्ज काढून साडेसहाशे चौरस फुटांची सदनिका घेतली. हवा, उजेड, स्वतःचा संडास. त्या सुखाला मी कधीही कमी लेखणार नाही. पण साडेसहाशेंत भिंतींची जाडी आणि जिन्याचा वाटाही धरलेला होता. घरात शिरल्यावर जागा पाचशेच्या आतच भरली. आमच्या जिन्याचे पैसे आम्ही मोजले होते, आणि तिथे कचरा पडला तर मी तो ओलांडून जायला शिकले. वाड्याच्या जिन्यातला एक पैसाही आमचा नव्हता आणि गुरुवारी तो मी ओल्या फडक्यानं पुसला होता. हे माझ्या ध्यानात यायला कितीतरी वर्षं गेली.

वडील २००६ साली गेले. आई तीन खण सोडायला तयार नव्हती. महापालिकेची धोकादायक वाड्याची नोटीस दिंडीवर लागली, पश्चिमेच्या भिंतीला टेकू लागले, नवातली पाच बिऱ्हाडं उठून गेली. शेवटी मालकांच्या वारसांनी वाडा विकसकाला द्यायचं ठरवलं. वारस चौदा, त्यांतले दोघे परदेशात. शनिवारवाडा जवळ असल्यानं आणखी एक अडचण होती. संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढच्या दोनशे मीटरांत वेगळी परवानगी लागते. आमचा वाडा या दुसऱ्या पट्ट्यात होता, म्हणून परवानगी उशिरा का होईना मिळाली. माझ्या बालमैत्रिणीचा वाडा पहिल्या पट्ट्यात आहे. तो अजून टेकूंवर उभा आहे, आणि तिचे भाऊ त्यात राहतात. वारसा जपावा असं मला मनापासून वाटतं. पण त्याची किंमत त्या चार घरांनीच का द्यावी, याचं उत्तर मला कुणाकडून मिळालेलं नाही.

जुनी भाडेकरू म्हणून आईला तीनशे चौरस फूट मिळणार होते. त्याला जोडून एकशेऐंशी मी विकत घ्यायचे ठरवले. ह्यांचा विरोध होता, आणि त्यांचा एकही मुद्दा खोटा नव्हता. गल्लीत रुग्णवाहिका वळत नाही. गाडी लावायला जागा नाही. गणपतीचे दहा दिवस ढोल भिंतींतून आत येतात. शिवाय तेवढ्या पैशांत उपनगरात दुप्पट जागा मिळाली असती. मी त्यांना एकदा दुपारी तांबट आळीतून नेलं. आता तिथे पूर्वीइतके हातोडे चालत नाहीत, पण त्या दिवशी एका कारखान्यात मठारकाम सुरू होतं. तांब्याच्या पत्र्यावर एकाशेजारी एक ठोका, गोल फिरत जाणारा. हे बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "मालमत्ता पत्रक काढून घे. सर्च रिपोर्ट तीस वर्षांचा हवा." त्यांचा होकार मला त्यातच मिळाला.

वाडा उतरवला तेव्हा मी आईला नेलं नाही. एकटीच गेले. खांब आडवे करून टेम्पोत चढवत होते. जुन्या सागवानाला गिऱ्हाईक लगेच मिळतं. आमच्या दुसऱ्या खांबावर दोरीचा काच पडून झालेली खाच होती, मी ती हातानं चाचपून पाहिली. तळखडे मात्र कुणाला नको होते. मुकादमाला विचारून मी एक ठेवून घेतला.

साडेतीन वर्षं आई माझ्याकडे राहिली. करारात सगळं कार्पेट क्षेत्रात लिहिलेलं होतं; रेरा कायदा आल्यापासून तसंच लिहावं लागतं. भिंतीच्या आत जेवढं, तेवढंच. नकाशा तिच्यापुढे पसरला तेव्हा तिनं चष्मा पुसून एकच विचारलं, "खण किती?" मी गणित केलं. एका खणाचे चाळीस चौरस फूट, चारशेऐंशीचे बारा. ती कितीतरी वेळ गप्प बसली. "बारा खण तर मालकांचे पण नव्हते गं," म्हणाली.

२०२३च्या दिवाळीआधी आम्ही राहायला आलो. इमारत सहा मजल्यांची आहे. चौकाच्या जागी वाहनतळ आहे, आड बुजला आहे, आणि चार जुनी बिऱ्हाडं सोडली तर बाकी सगळे नवे. पुढच्या वर्षी सप्टेंबरात स्वारगेटपर्यंत भुयारी मेट्रो सुरू झाली आणि मुलगा तिच्यातून येऊन दहा मिनिटांत घरी पोचला, याचं आईला फार कौतुक. तळखडा मी जिन्याच्या तोंडाशी ठेवला आहे. त्यावर बसून तिसऱ्या मजल्यावरचा लहान मुलगा बुटाच्या नाड्या बांधतो. गुरुवारी मी जिना झाडते. पहिल्यांदा झाडला तेव्हा समोरच्या नव्या सूनबाईंनी "काकू, बाई येते ना?" असं विचारलं होतं. आता कधीमधी त्यांच्या दारापुढची रांगोळी आमच्या दारापर्यंत आलेली असते.

पहिल्या रात्री सामान लावून आम्ही उशिरा आडवे झालो. बत्ती मालवली. आई जागीच होती.

"दिंडी लावली का गं कुणी?"

खाली पहारेकरी होता, लोखंडी फाटक होतं, हे तिला सांगता आलं असतं. मी उठले, चपला घातल्या, तीन मजले उतरले. पहारेकऱ्याला वाटलं काही हवं आहे. मी फाटकाची कडी हातानं ओढून पाहिली आणि वर आले.

"लावली," म्हटलं.

आई कूस वळली.