मागच्या सीटवरून

गाडीच्या खालच्या भागाबद्दल बोलणं निघालं की आपल्या घरांतल्या बायका चहाचे कप उचलून आत जातात. ते पुरुषांचं बोलणं. पण स्प्रिंग, शॉकअप, पाटे हे सगळं ज्यांच्या अंगावर येतं, त्या मागच्या सीटवर वर्षानुवर्षं आपणच तर बसलोय. मांडीवर पोर, पायाशी डब्यांची पिशवी आणि एका हातानं पुढच्या सीटची पाठ घट्ट धरलेली. तेव्हा जुन्या गाडीचं सस्पेन्शन बदलून घ्यावं की नको, या प्रश्नावर चार शब्द लिहायला मला कुणाची परवानगी लागू नये.

आमच्याकडे १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. कागदावर पद्मिनी, बोलण्यात फियाट. बेळगावात तिला दुसऱ्या नावानं हाक मारणारा मला अजून भेटायचाय. मामंजींनी नंबर लावून, वाट बघून ती घेतली. त्यांच्या माघारी ती यांच्याकडे आली. पुढेमागे ती आपल्याचकडे येणार हे धरून आमचे चिरंजीव गेल्या दिवाळीला पुण्याहून एक यादी घेऊन आले.

यादी अशी : पुढं कडक आणि बुटक्या स्प्रिंगा, म्हणजे गाडी दोन इंच खाली बसेल. मागंही तेवढीच खाली. चारी शॉकअप गॅसचे. रुंद टायर, त्यांना शोभतील अशी अलॉय चाकं. पुढं डिस्क ब्रेक. खर्चाचा आकडा त्यानं कागदाच्या मागच्या बाजूला लिहिला होता. त्यात आमच्या स्वयंपाकघराचं काम झालं असतं.

"गाडी वळणावर कलंडते गं आई. बोटीसारखी डुलते. हे सगळं घातलं की रस्ता धरून चालेल बघ."

यांचं म्हणणं उलट. "ओरिजनल ते ओरिजनल. एक नट बदलायचा नाही." ज्यांनी गाडीचा हॉर्नसुद्धा बदलू दिला नाही, ते आणखी काय बोलणार? आठ दिवस बापलेकांचं हेच चाललं होतं. दोघंही तावातावानं बोलत होते ते पुढच्या सीटवरून. मागं कोण बसतं, हे कुणाच्या बोलण्यात आलंच नाही.

या गाडीचं कूळ सांगण्यासारखं आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ साली उभी केली ती वालचंद हिराचंद यांनी. सोलापूरचा माणूस, आपल्या समाजातला. आपल्या घरांतल्या जुन्या मंडळींना फियाटचा जो एक आतला अभिमान होता, त्याचं निम्मं कारण हेच. गाडी मात्र मूळची इटलीची. या घडणीची फियाट ११०० तिथं १९५३ साली आली. तिचंच पुढचं रूप १९६४ पासून मुंबईत कुर्ल्याला बनू लागलं आणि १९७४ मध्ये त्याला पद्मिनी हे नाव मिळालं. म्हणजे १९८६ साली आमच्या दारात आलेली नवी गाडी अंगाखाली तीस वर्षं जुनीच होती. पुढच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र स्प्रिंग, मागं मात्र दोन चाकांना जोडणारा एकच सलग आस आणि तो लोखंडी पाट्यांवर ठेवलेला. बैलगाडी नव्हे, पण छकड्याची लांबची नातलग म्हणायला हरकत नाही.

मागच्या सीटला दणका का बसतो ते यातच आहे. मागचं एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्याला ते कळतंच. दोन्ही चाकं एका दांड्याला बांधलेली. आणि आपण बसतो ते जवळजवळ त्या दांड्यावरच. पुढच्याला जे डुलणं वाटतं ते मागच्याला दणका वाटतो. १९९३ च्या महामस्तकाभिषेकाला आम्ही याच गाडीतून श्रवणबेळगोळला गेलो होतो. मागं सासूबाई, नणंद, मी आणि मांडीवर दोन वर्षांचे हे यादीवाले. हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग करत रात्री पोचलो तेव्हा विंध्यगिरीच्या पायऱ्या चढायच्या आधीच माझे गुडघे बोलायला लागले होते. यांना विचारा, ते अजून सांगतात, काय मस्त चालली गाडी!

आता प्रश्न माझ्या गुडघ्यांचा नव्हता. सासूबाई त्र्याऐंशी वर्षांच्या. दोन वर्षांपूर्वी न्हाणीत पडल्या आणि पाठीचा एक मणका दबला. डॉक्टरांनी सांगितलं, बसून प्रवास चालेल, पण दणका नको. मुलाची नवी गाडी उंच आहे. तिच्यात चढायला पाय छातीपर्यंत न्यावा लागतो. सासूबाईंनी एकदा बघून सांगितलं, "शिडी लावून चढायचं काय मी?" फियाटची सीट खुर्चीच्या उंचीची. तिच्यात आधी पाठमोरं बसायचं, मग पाय आत घ्यायचे. तेवढं त्यांना जमतं.

आणि त्यांना जायचं होतं निपाणीला, धाकट्या बहिणीकडं. ती ऐंशीची. फोनवर दोघींनाही एकमेकींचं ऐकू येत नाही. एकजण "जेवलीस काय?" विचारते, दुसरी "पाऊस नाही" म्हणून सांगते. समोरासमोर बसल्या, हात हातात घेतला की सगळं कळतं. पण दोन वर्षं भेट नव्हती. म्हणजे आमच्या घरात सस्पेन्शनचा प्रश्न असा होता : गाडी रस्ता धरून चालेल की नाही हा नव्हे, दोन म्हाताऱ्या बहिणी भेटतील की नाही हा.

मी गाडी घेऊन खडेबाजाराच्या मागच्या बोळात मिस्त्रींकडे गेले. मी पंचेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले, ती याच फियाटवर. त्यामुळे मिस्त्रींना माझं येणं नवीन नाही. त्यांनी यादी वाचली, घडी करून परत दिली आणि बॉनेटच्या एका कोपऱ्यावर दोन्ही हातांनी भार देऊन सोडला. गाडी खाली गेली, वर आली, पुन्हा खाली, पुन्हा वर.

"मोजा की वैनी. चांगली गाडी एकदा वर येऊन गप्प बसती. ही अजून नाचालीय."

मग त्यांनी समजावलं ते मी पाळण्यावरून समजून घेतलं. पाळण्याला झोका दिला की तो आपला हलतच राहतो. त्याला थांबवायला हात लावावा लागतो. स्प्रिंग म्हणजे पाळणा, शॉकअप म्हणजे तो हात. स्प्रिंग भार झेलते, शॉकअप तिला शांत करतो. मुलाला जे बोटीसारखं डुलणं वाटत होतं ते स्प्रिंगा मऊ म्हणून नव्हतं. हात सुटला होता म्हणून होतं. चारपैकी दोन शॉकअपमधून तेल गळून गेलेलं.

गाडी वर घेतल्यावर बाकीचं दिसलं. जिथं लोखंडाला लोखंड लागू नये म्हणून रबराचे बुश असतात, तिथं रबराचा काळा भुगा. किंगपिन ढिले, म्हणून स्टिअरिंगला मोकळा खेळ. मागचे पाटे तर गंजून एकमेकांना चिकटलेले. पाटे एकमेकांवर सरकायला हवेत, सरकताना दणका खायला हवा. चिकटले की त्यांची एक जाड सळई होते आणि सगळा दणका सरळ सीटवर. त्यात एका बाजूचे पाटे बसलेले, म्हणून वळणावर कलंडणं. टायर नऊ वर्षांचे, अजून नक्षी शिल्लक म्हणून कुणी बदलले नव्हते. हाताला लाकडासारखे कडक लागले.

आपण जिला सुधारणा म्हणतो ती पुष्कळदा राहून गेलेली दुरुस्ती असते. मुलाच्या मित्राची तशीच फियाट नवीन सामान घातल्यावर "एकदम वेगळी" झाली म्हणे. झालीच असणार. नव्या स्प्रिंगांबरोबर नवे बुश आले, नवे शॉकअप आले, नवे टायर आले. त्यातलं कशामुळं काय झालं, हे वेगळं करून कोण बघतो? सगळं श्रेय बुटक्या स्प्रिंगांना मिळतं, कारण त्या डोळ्यांना दिसतात.

घरी येऊन मी सांगितलं, आधी आहे ते नीट करायचं, पैसे मी घालते. शाळेतली तीस वर्षांची नोकरी कधीतरी अशी कामाला यावी. पाटे सोडवून, घासून, कमान मारून घेतले, मध्ये ग्रीस घातलं. बुश सगळे नवे. किंगपिन नवे. शॉकअप चारी नवे, टायर नवे रेडियल, आणि शेवटी चाकांची अलाइनमेंट. मुलाच्या आकड्याच्या चौथाईतही खर्च गेला नाही.

यादीतल्या एकेका गोष्टीवर आम्ही नंतर शांतपणे बोललो. गाडी दोन इंच खाली करायची म्हणजे पाच सेंटिमीटर. नियमाप्रमाणे रस्त्यावरचा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, सावकाश चढणारा असायला हवा. आपल्या गल्लीतले कसे असतात ते तुम्ही जाणता : वीतभर रुंद, उभे, रात्रीत उगवलेले. चाकाला वर जायला जागाच उरली नाही तर स्प्रिंग कितीही भारी असो, गाडी शेवटच्या रबरी ठोकळ्यावर आपटणार आणि तो दणका म्हाताऱ्या मणक्याला जाणार. म्हणून बुटक्या स्प्रिंगा नकोत. रुंद टायरही नकोत. या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही, रुंद टायरनं ती उभ्या जागी वळवताना माझेच खांदे भरून येतील. गॅसचे शॉकअप वाईट नव्हेत, पण ते साधारणतः जरा ताठ असतात. गाडीचं वजन ९०० किलोच्या आत, मागं बसणारी चाळीस किलोची. आम्ही तेलाचेच घेतले.

कायद्याचीही एक बाजू आहे, ती यांनी मांडली. ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांना विंटेज म्हणून नोंद मिळण्याचे नियम २०२१ साली आले. त्यात गाडी मूळ रूपात हवी, चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नको, असं म्हटलंय. आमची गाडी २०३६ साली पन्नाशीची होईल. बुश आणि शॉकअप बदलल्यानं तिचं रूप बदलत नाही. कापाकापी, वेल्डिंग केलं की ती गोष्ट वेगळी.

मुलाचं काही चुकलंच असं मी म्हणणार नाही. गाडी डुलते हे त्यानंच आधी ओळखलं. रोज चालवणाऱ्या आम्हाला ते अंगवळणी पडलं होतं. यांच्या "ओरिजनल"मध्ये गळके शॉकअपही ओरिजनल म्हणून तसेच राहिले असते. आणि जो एकटा, सुट्टीच्या सकाळी मोकळ्या गुळगुळीत रस्त्यावर गाडी पळवतो, मागची सीट ज्याला जाकीट टाकण्यापुरतीच लागते, त्याला थोड्या कडक स्प्रिंगा आणि गॅसचे शॉकअप घालून आनंद मिळत असेल तर मिळो. फक्त आधी ब्रेकचं बघावं. या गाडीला चारी चाकांना जुने ड्रम ब्रेक. वळणावर वेग वाढवायची सोय केली आणि थांबायची नाही, हे शहाणपण नव्हे. म्हणून यादीतली शेवटची ओळ, पुढचे डिस्क ब्रेक, आमच्याकडे अजून खोडलेली नाही. त्यावर बापलेकांचं पुढच्या दिवाळीत होईल.

सासूबाईंना बसवायच्या आधी मी स्वतः मागं बसले, त्यांच्याच जागेवर, पायाशी अर्धा तांब्या पाणी ठेवून. यांना टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटवरून दोनदा जायला लावलं. पाणी हिंदकळलं, सांडलं नाही. कार्तिक संपता संपता आम्ही निपाणीला गेलो. पाठीमागं उशी, कमरेला पट्टा, वेग पन्नासच्या आत. हत्तरगीच्या पुढं सासूबाईंना झोप लागली. संकेश्वर गेलं तरी जाग नाही. मिस्त्रींना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी कानाला हात लावून हसून मान हलवली. याहून मोठं प्रशस्तिपत्रक पाट्यांना कोण देणार? बहिणीच्या दारात उतरल्यावर मी विचारलं, "आई, पाठ कशी आहे?" त्या म्हणाल्या, "पाठ आहे की जागच्या जागी. पोचलो एवढ्यात?" मग दोघी आत गेल्या. चार तास आम्हाला कुणी विचारलं नाही.

तुमच्याही दारात अशी एखादी जुनी फियाट, अँबॅसिडर असेल आणि घरातलं कुणी यादी घेऊन आलं, तर नाही म्हणू नका आणि होही म्हणू नका. आधी बॉनेटचा कोपरा दाबून गाडी किती वेळा हलते ते मोजा. पाट्यांमध्ये गंज आहे की ग्रीस ते बघा. टायरच्या कडेला चार आकडे असतात, आठवडा आणि साल, ते वाचा. एवढं निस्तरल्यावर यादीत काय उरतं ते बघू म्हणावं. आणि ज्यानं यादी आणली त्याला पुढचं दार उघडून देऊ नका. दहा किलोमीटर मागं बसव म्हणावं त्याला, आजीच्या जागेवर. मग बोलू.